फास्ट फूडसारखे दाटसर कोलस्लॉ घरी करताना

तळलेल्या चिकनच्या डब्यासोबत झाकणाच्या छोट्या वाटीतून येणारे कोलस्लॉ, म्हणजे कच्च्या कोबीचे सॅलड, ज्यांना आवडते, त्यांनी ते घरी करून पाहिले की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर कोबीच्या लांब सळ्या मेयोनीजने माखतात खऱ्या, पण चवीला कच्च्याच राहतात. नाही तर तासाभरात भांड्याच्या तळाशी पांढरट पाणी साचते आणि वर कोरडा चोथा उरतो. मी गोव्यात फोंड्याला राहते आणि गेली काही वर्षे घरच्या वाढदिवसांना, शेजारपाजारच्या लहानसहान समारंभांना हा पदार्थ करत आले आहे. इतक्या वेळा करून माझे मत असे झाले आहे की मेयोनीज कोणते घ्यावे याची आपण वाजवीपेक्षा जास्त काळजी करतो आणि कोबीकडे दुर्लक्ष करतो. कोबीचा तुकडा केवढा आहे, त्यातले पाणी केव्हा आणि किती काढले आहे, आणि सगळे एकत्र केल्यावर ते फ्रीजमध्ये किती तास राहिले आहे, यावरच या पदार्थाचे बरेवाईट ठरते.

कोलस्लॉ हा शब्द मूळचा डच भाषेतला. त्या भाषेत 'कोल' म्हणजे कोबी आणि 'स्ला' म्हणजे सॅलड. आपला 'कोबी' हा शब्द पोर्तुगीज 'कोव्ह'वरून मराठीत रुळला, आणि डच कोल व पोर्तुगीज कोव्ह हे दोन्ही शब्द 'कौलिस' या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले आहेत. कौलिस म्हणजे देठ किंवा दांडा. जो दांडा आपण कोलस्लॉसाठी पहिल्यांदा काढून टाकतो, त्याच्यावरूनच पदार्थाचे आणि भाजीचे नाव पडले, हे मला फार मजेचे वाटते. कोलस्लॉचे प्रकार पुष्कळ आहेत. काही ठिकाणी ते केवळ व्हिनेगर, तेल आणि मिरपूड घालून करतात. येथे मात्र आपण केएफसीसारख्या ठिकाणी मिळणाऱ्या प्रकाराबद्दल बोलत आहोत. या प्रकारात कोबी तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा चिरलेला असतो, चव गोडसर-आंबट असते, आणि ड्रेसिंग दाट असले तरी लगद्यासारखे नसते, दुधाळ आणि ओघळते असते.

कोबी निवडताना

गोव्यात येणारा बराचसा कोबी बेळगावकडून घाट उतरून येतो, मग तो फलोत्पादन महामंडळाच्या विक्री केंद्रावरून घ्या किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून. भाजीसाठी कोणताही ताजा कोबी चालतो, कारण तो शिजून मऊच व्हायचा असतो; कोलस्लॉमध्ये तो कच्चा खायचा असल्यामुळे निवड जरा चोखंदळपणे करावी लागते. एकाच आकाराचे दोन गड्डे दोन हातांत घेऊन पाहावेत आणि जड लागेल तो घ्यावा. दोन्ही तळव्यांत धरून दाबला असता चांगला कोबी किरकिरतो, म्हणजे पाने एकमेकांवर घट्ट बसलेली आहेत असे समजावे. खालचा कापलेला दांडा पांढरा आणि ओलसर असावा. तो तपकिरी पडून चिरा गेला असेल तर कोबी बरेच दिवस पडून आहे. बाहेरची हिरवी पाने काढून टाकून पांढराशुभ्र केलेला गड्डा दिसायला नीटनेटका असतो, पण विक्रेत्याने ती पाने सुकल्यामुळेच काढलेली असण्याची शक्यता असते, म्हणून मी दोन-तीन हिरवी पाने अंगावर असलेलाच घेते.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातला कोबी गोड, घट्ट आणि करकरीत असतो, आणि कोलस्लॉ पहिल्यांदा करून पाहायचे असेल तर याच दिवसांत करावे. पावसाळ्यातला कोबी सैल आणि पाणीदार असतो, त्यात अळ्याही जास्त असतात. त्या दिवसांत करणे टाळता येत नसेल तर पुढे सांगितलेली पाणी काढण्याची पायरी अजिबात गाळू नये. जांभळा कोबी दिसायला सुंदर असतो, परंतु त्याचा रंग ड्रेसिंगमध्ये उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे फिकट गुलाबी होते. म्हणून या प्रकारात तो घालू नये.

सहा ते आठ जणांना पुरेल एवढ्या कोलस्लॉसाठी साधारण एक किलोचा गड्डा लागतो. बाहेरची पाने आणि दांडा गेल्यावर हाती सुमारे ७०० ते ७५० ग्रॅम कोबी उरतो. त्याबरोबर ८० ते १०० ग्रॅमचे एक केशरी गाजर आणि लहानशा कांद्याचा पाव भाग एवढे पुरते. हिवाळ्यातले लाल गाजर हलव्याला उत्तम, पण ते रसाळ असल्यामुळे इथे केशरी गाजरच बरे.

धुणे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाळवणे

कच्च्या कोबीबद्दल आपल्याकडे एक रास्त भीती आहे. अळ्यांखेरीज, दूषित माती-पाण्यातून आलेली फीतकृमीची अंडीही पानांना चिकटलेली असू शकतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. मिठाच्या पाण्यात गड्डा बुडवून ठेवल्याने अळ्या सुटून वर येतात, एवढाच त्याचा उपयोग. त्यावर विसंबून राहू नये. बाहेरची तीन-चार पाने सरळ काढून टाकावीत, गड्ड्याचे चार भाग करावेत, दांडा तिरपा कापून काढावा आणि मग पाने सुटी करून प्रत्येक पान वाहत्या नळाखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळून धुवावे. याला दहा मिनिटे लागतात आणि ती दहा मिनिटे वाचवण्यासारखी नाहीत. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले, फार वृद्ध माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधोपचारांमुळे कमी झाली आहे, त्यांना मात्र कितीही धुतले तरी कच्च्या कोबीचे सॅलड वाढू नये. याचे कारण पुढे येईल.

धुणे नेहमी चिरण्याच्या आधी करावे. चिरलेला कोबी धुतला की प्रत्येक कापलेल्या कडेवर पाणी बसते, आणि आमच्या हवेत ते पाणी वाळत नाही. कोरड्या हवेच्या गावात चाळणीत अर्धा तास ठेवलेली पाने आपोआप सुकत असतील. फोंड्यात जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे कोबीची पाने कशी वाळणार? एकदा मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला घाईघाईने आधी चिरून मग धुतलेला कोबी मी चाळणीतून झटकून तसाच ड्रेसिंगमध्ये घातला होता. दुपारी पातेल्यात तळाशी दोन बोटे पाणी होते आणि गोडवा, आंबटपणा, मीठ सगळे त्या पाण्यात उतरले होते. तेव्हापासून धुतलेली पाने मी स्वच्छ सुती पंचावर एकेक पसरते, वर दुसरा पंचा ठेवून हाताने दाबते, आणि मग पंख्याखाली वीस मिनिटे ठेवते. पानाच्या मधल्या शिरेच्या खोलगट भागात पाणी राहते, तिथे बोट फिरवून पाहावे.

चिरणे

हा सगळ्यात मोठा टप्पा आहे आणि यातच बहुतेकांचे कोलस्लॉ फसते. घरी कोबी चिरायचा म्हटले की आपला हात भाजीच्या सवयीने लांब, पातळ सळ्या काढतो. विळीवर, म्हणजे आमच्याकडच्या आदोळीवर, तर त्या फारच सुरेख निघतात. कोलस्लॉसाठी मात्र तीन ते चार मिलिमीटरचे चौकोनी तुकडे हवेत. लांब सळीवर ड्रेसिंग वरवर बसते आणि दाताखाली कोबी कच्चा लागतो. लहान तुकड्याला चारही बाजूंनी कापलेली कड असते, तिथून साखर-मीठ आत शिरते, आणि म्हणून तो थोड्या तासांत मुरतो. चमच्यातही लहान तुकडेच नीट बसतात.

सुरीने चिरायचे असल्यास चार-पाच पाने एकावर एक ठेवून तळव्याने सपाट दाबावीत. पानांच्या जाड पांढऱ्या शिरा वेगळ्या कापून घ्याव्यात आणि त्या शेवटी अधिक बारीक चिराव्यात, कारण त्या तशाच राहिल्या तर मुरत नाहीत. नंतर पानांच्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात, त्या न विस्कटता एकत्र धरून पाटावर वळवाव्यात आणि आडव्या दिशेने पुन्हा तेवढ्याच अंतरावर कापाव्यात. सुरीला धार असणे फार आवश्यक आहे. धारदार सुरी पेशींच्या मधून जाते आणि कडा स्वच्छ राहतात. बोथट सुरी पान चेंगरते, त्यातून जास्त पाणी सुटते आणि मोहरीसारखा उग्र वासही वाढतो. हा वास येण्याचे कारण असे की कोबीच्या पेशी फुटल्या की त्यातला एक विकर (एन्झाइम) आणि गंधकयुक्त घटक एकत्र येतात आणि त्यांतून तिखट वासाचे पदार्थ तयार होतात. मोहरी वाटताना नाकात जो झणका जातो, तो याच घराण्यातला. जितके चेंगरणे जास्त, तितका वास जास्त.

सातशे ग्रॅम कोबी हाताने चिरायला मला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. ज्यांच्याकडे फूड प्रोसेसर आहे त्यांनी भांडे अर्ध्याहून कमी भरावे आणि एकेका सेकंदाचे सहा-सात झटके द्यावेत, प्रत्येक दोन झटक्यांनंतर झाकण उघडून वरचे तुकडे खाली करावेत. दोरी ओढून चालवायचा हातातला चॉपरही चांगले काम देतो, फक्त त्यात एका वेळी मूठभरच कोबी घालावा. साध्या मिक्सरच्या भांड्यात मात्र खालचा कोबी चटणीसारखा होतो आणि वरचा तसाच राहतो, म्हणून तो मोह टाळावा. किसणीवर कोबी किसूच नये. किसलेल्या कोबीत करकरीतपणा उरत नाही. गाजर मात्र किसणीच्या मध्यम छिद्रांतून किसून, मग तो कीस सुरीने दोन-तीनदा आडवा कापून घ्यावा. कांदा अगदी बारीक चिरावा, एक मोठा चमचाभरच घ्यावा आणि गाळणीत ठेवून गार पाण्याखाली धरावा, नाही तर रात्रभरात त्याचा कडवट वास सगळ्यात पसरतो.

पाणी आधीच काढून घेणे

कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असते. मीठ आणि साखर लागताच ते पेशींतून बाहेर येऊ लागते. ते येणारच आहे. प्रश्न एवढाच की ते ड्रेसिंगमध्ये येऊ द्यायचे की आधीच काढून टाकायचे. मोठ्या उपाहारगृहांच्या पद्धतीच्या ज्या पाककृती फिरतात त्यांत बहुधा ही पायरी नसते आणि त्याऐवजी साखर व दूध भरपूर असते. मी दोन्ही रीतींनी करून पाहिले आहे, आणि इथल्या कोबीला, विशेषतः मार्चनंतरच्या कोबीला, थोडे पाणी आधी काढलेले मानवते असे माझे मत आहे.

चिरलेला कोबी आणि गाजर मोठ्या परातीत घेऊन त्यावर एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम, बारीक मीठ आणि एक मोठा चमचा साखर भुरभुरवावी आणि हलक्या हाताने उलटसुलट करावे. चुरगळू नये. चाळणीखाली पातेले ठेवून त्यात तीस मिनिटे निथळू द्यावे. अर्ध्या तासाने कोबी किंचित चमकू लागतो, ढीग खाली बसलेला दिसतो आणि पातेल्यात पाव ते अर्धी वाटी फिकट पाणी जमते. आता मूठभर कोबी घेऊन पनीरचे पाणी काढतो त्याच्या निम्म्या जोराने दाबावा. पूर्ण पिळला तर तो लिबलिबीत होतो आणि ड्रेसिंग शोषून घेऊन कोरडा पडतो. जमलेले पाणी आमटीत किंवा कणीक भिजवताना वापरता येते, फक्त त्यात मीठ आहे याची आठवण ठेवावी. डिसेंबर-जानेवारीतल्या घट्ट कोबीला वीस मिनिटे पुरतात. अर्ध्या तासाहून जास्त मात्र कोणत्याही ऋतूत ठेवू नये.

मेयोनीज

आपल्याकडे दुकानांत मिळणारी बरीच मेयोनीज अंड्याविना केलेली असतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळणाऱ्या घरांत ती सोयीची पडतात. कोलस्लॉसाठी ती चालतात, पण ती मुळातच गोडसर असतात, म्हणून परदेशी पाककृतीत लिहिलेली सगळी साखर घालू नये. पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचावी; तेल पहिल्या क्रमांकावर असलेले घ्यावे, पाणी पहिले असलेले हलके मेयोनीज ड्रेसिंग पातळ करते. भाज्यांचे तुकडे घातलेला सँडविच स्प्रेड म्हणजे मेयोनीज नव्हे, तो इथे उपयोगाचा नाही.

कच्च्या अंड्याचे मेयोनीज घरी करून त्याचे कोलस्लॉ करण्याचा सल्ला मी देणार नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, आणि उष्ण हवेत तो धोका वाढतो. याच कारणाने केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली.

घरीच करायचे असेल तर दुधाचे मेयोनीज करावे. पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये ते घरोघरी करतात. त्यासाठी १०० मिलिलिटर पूर्ण सायीचे, उकळून गार करून साय काढलेले आणि फ्रीजमध्ये चांगले थंड केलेले दूध उंच, अरुंद भांड्यात घ्यावे. त्यात अर्धा चहाचा चमचा मोहरीची पूड, अर्धा चमचा मीठ आणि २०० मिलिलिटर सूर्यफुलाचे किंवा भाताच्या कोंड्याचे तेल घालावे. हँड ब्लेंडर भांड्याच्या तळाला टेकवून मगच सुरू करावा आणि पंधरा-वीस सेकंद तो जागचा हलवू नये. तळाशी पांढरा दाट ढग तयार होऊन वर चढू लागला की ब्लेंडर सावकाश वर आणावा. सगळे तेल मिळून आले की दीड मोठा चमचा लिंबाचा रस घालून पुन्हा दोन-तीन झटके द्यावेत. रस पडताच मिश्रण लगेच आणखी घट्ट होते. दुधातली प्रथिने तेलाच्या बारीक थेंबांभोवती थर धरतात आणि थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत, हे त्यामागचे कारण आहे. मिळून आले नाही तर बहुधा दूध पुरेसे थंड नव्हते किंवा ब्लेंडर लवकर उचलला गेला. आपल्या स्वयंपाकघरात हाताशी असलेले खोबरेल मात्र यात वापरू नये. ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच थिजते, त्यामुळे फ्रीजमध्ये कोलस्लॉभर पांढरे कण दिसू लागतात. हे मेयोनीज तीन दिवसांत संपवावे.

ड्रेसिंग

परदेशी पाककृतीत 'बटरमिल्क' लिहिलेले असते आणि आपण त्याचे भाषांतर ताक असे करून मोकळे होतो. तिकडचे बटरमिल्क हे विरजण लावून दाट केलेले दूध असते. आपले ताक त्याच्या मानाने पाणीच. त्याऐवजी तीन भाग फेटलेले घट्ट दही आणि एक भाग पाणी असे घ्यावे, किंवा पाणी न घालता नुसते दही घेऊन ते प्रमाण दुधाने जुळवावे. मी दुसरी रीत वापरते. दही कालचे नको, त्याच दिवशी लागलेले, गोडसर हवे.

वर सांगितलेल्या कोबीसाठी १२० ग्रॅम मेयोनीज, तीन मोठे चमचे दही, ३० ग्रॅम पिठीसाखर, २० मिलिलिटर लिंबाचा रस, १५ मिलिलिटर पांढरे व्हिनेगर, ४० मिलिलिटर थंड दूध आणि पाव चहाचा चमचा पांढरी मिरपूड घ्यावी. मीठ येथे घालू नये, कोबीत गेलेले पुरते. काळी मिरपूडही चालते, पण तिचे ठिपके दिसतात आणि चव वेगळी लागते. कोबीचे पाणी आधी काढले नसेल तर दूध वगळावे, कारण ती ओल कोबीच पुरवणार आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम मेयोनीज, दही, साखर आणि मिरपूड एकत्र फेटावी आणि बोटांत घेऊन चोळल्यावर साखरेचा कण लागेनासा होईपर्यंत थांबावे. नंतर लिंबू आणि व्हिनेगर घालावे, आणि सगळ्यात शेवटी थंड दूध बारीक धारेने, फेटत फेटत ओतावे. दूध आणि लिंबाचा रस एकमेकांना सरळ भेटले की दूध फाटून कण होतात. मेयोनीज-दह्याच्या दाटीत आंबट आधी पसरलेले असले की ते होत नाही. तयार ड्रेसिंग पळीने उचलून सोडल्यावर एकसंध धारेत पडले पाहिजे. गोळ्यागोळ्यांनी तुटून पडत असेल तर चमचाभर दूध आणखी घालावे. यावेळी चाखून पाहिले तर ते जरा जास्त गोड आणि जरा जास्त आंबट वाटले पाहिजे, कारण कोबीत मिसळल्यावर दोन्ही चवी सौम्य होतात.

व्हिनेगरबद्दल एक सांगायचे आहे. आमच्याकडे माडाच्या सुरापासून, म्हणजे माडीपासून, केलेला व्हिनेगर मिळतो, आणि म्हापशाच्या बाजारात बाटल्यांतून विकायला असतो. त्याला स्वतःचा असा वास आणि किंचित गोडी असते. दुकानातल्या वाटीसारखीच चव हवी असेल तर पांढरे व्हिनेगरच घ्यावे. परंतु निम्मे पांढरे आणि निम्मे माडाचे घेतले तर जी चव येते ती मला अधिक आवडते, आणि घरातही तीच मागितली जाते. पूर्णपणे माडाचेच घातले तर वास वरचढ होतो आणि रंगही पिवळसर येतो. माडाचा गूळ कोणाच्या मनात आला असेल तर तो मात्र नको. रंग मातकट होतो.

दाबून घेतलेला कोबी, गाजर आणि निथळलेला कांदा मोठ्या भांड्यात घेऊन तीन चतुर्थांश ड्रेसिंग आधी घालावे आणि खालून वर असे मिसळावे. उरलेले झाकून फ्रीजमध्ये ठेवावे.

मुरू देणे

नुकतेच मिसळलेले कोलस्लॉ पाहून ड्रेसिंग कमी पडले असे हमखास वाटते. त्या क्षणी हात आवरावा. तासाभरात कोबी थोडे पाणी सोडतो, ड्रेसिंग सैल होते आणि सगळ्यांवर सारखे पसरते. झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे, दारात नव्हे, कारण दाराकडचा भाग उघडझाकीमुळे सारखा गरम होत असतो. एका तासाने एकदा ढवळावे. निदान चार तास जाऊ द्यावेत. रात्रभर ठेवले तर सर्वांत उत्तम. दोन तासांनी चाखले तर कोबी आणि ड्रेसिंग अजून वेगवेगळे लागतात, कोबीला हिरवट वास असतो. सहा-सात तासांनी तो वास मावळतो, तुकडा दाताखाली कुरकुरतो पण आतपर्यंत गोडसर-आंबट लागतो, आणि हीच ती दुकानातल्या वाटीतली चव.

वाढण्यापूर्वी पुन्हा ढवळून राखलेल्या ड्रेसिंगमधून लागेल तेवढेच घालावे. फार आंबट झाले असेल तर साखरेऐवजी चमचाभर मेयोनीज घालावे, नुसत्या साखरेने ते सरबतासारखे लागते. फार गोड झाले असेल तर लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ. तळाशी पाणी दिसले तर ते ओतून देऊन एक चमचा मेयोनीज मिसळावे. त्यात कॉर्नफ्लॉवर वगैरे घालून ते दाट करू पाहू नये. कडवटपणा आला असेल तर तो कांद्याचा किंवा चेंगरलेल्या कोबीचा असतो, आणि त्यावर इलाज नाही, पुढच्या वेळी सुरीला धार लावावी.

वाढताना आणि ठेवताना

कोलस्लॉ पाच अंशांखाली राहिले पाहिजे. फ्रीजबाहेर ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल तर एकच तास. आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हा दुसराच नियम लागू होतो. अंगणात किंवा मांडवात पंगत असेल तर मोठ्या परातीत बर्फ पसरून त्यावर वाडगा ठेवावा, आणि सगळे एकदम न काढता दोन-तीन वेळा थोडे थोडे काढावे. पावसाळ्यात वीज गेली आणि चार तासांत आली नाही, तर फ्रीजमधले कोलस्लॉ टाकून द्यावे. जीव हळहळतो, पण द्यावे.

गार असले की सगळे सुरक्षित, असे मात्र समजू नये. १९८१ मध्ये कॅनडाच्या सागरी प्रांतांत लिस्टेरिया जंतूंचा आजार पसरला, त्याचा माग कोलस्लॉपर्यंत लागला. ज्या शेतातला कोबी होता तिथे मेंढ्यांचे कच्चे खत वापरले होते आणि कोबी नंतर बराच काळ शीतगृहात ठेवला होता. लिस्टेरिया थंडीतही वाढतो, म्हणून त्या साठवणीने उलट भरच घातली. नोंदलेल्या ४१ रुग्णांपैकी ३४ प्रकरणे गर्भवती माता आणि नवजात बालकांची होती. वर ज्यांना हे वाढू नये म्हटले ते यासाठी. बाकीच्यांनीही तयार कोलस्लॉ तीन दिवसांच्या आत संपवावे. फ्रीजरमध्ये ठेवू नये. वितळल्यावर ड्रेसिंगचे तेल वेगळे होते आणि कोबी चिंधीसारखा पडतो.

तळलेल्या चिकनबरोबर ते शोभतेच. आमच्याकडे ते रवा लावून तळलेल्या बांगड्याबरोबर आणि हिरव्या मसाल्याच्या चिकन काफ्रेलबरोबर अधिक खपते, कारण तिखटावर ही थंड गोडी चांगली उतरते. दुसऱ्या दिवशी उरलेले असेल तर ते चाळणीत पाच मिनिटे निथळून घ्यावे. सकाळच्या गरम पोईचा (गोव्याच्या पोकळ पावाचा) खिसा उघडून त्यात चिकन कटलेट किंवा शिवराक असेल त्या दिवशी बटाट्याचे कटलेट ठेवावे आणि वर दोन चमचे हे कोलस्लॉ घालावे. न निथळता घातले तर पोई खालून भिजते आणि हातातच फाटते.